जमा तीन पावले

वडूजच्या पेठेत दुकाने उघडण्यापूर्वीचा अर्धा तास शांततेचा असतो. झाडलोट आटोपलेली असते, ओट्यांवर पाण्याचा शिडकावा झालेला असतो आणि पहिल्या एस.टी. गाड्यांचा आवाज स्थानकाच्या बाजूने येत असतो. अशा वेळी एका जुन्या कापड दुकानाच्या ओट्यावर साठीच्या घरातले एक गृहस्थ लाल बांधणीची वही उघडून बसलेले दिसतात. पेठ त्यांना अण्णा म्हणून ओळखते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर तांबूस रंगाची, मागचा एक पाय किंचित ओढणारी एक कुत्री बसलेली असते. अण्णा डाव्या हाताने सावकाश नोंद करतात. जमेच्या बाजूला लिहितात, ‘तीन पावले’. नावेच्या बाजूला लिहितात, ‘एक गुरगुर’. वही दुकानाचीच आहे. परंतु त्या पानावरचा हिशेब कापडाचा नाही.

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येरळा नदीच्या काठचे असले तरी प्रदेश अवर्षणाचाच. पावसाची वाट पाहणे इथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याची वाट पाहणे इथल्या व्यापाऱ्याच्या. अण्णांच्या आजोबांनी मांडलेले दुकान तीन पिढ्या याच धीरावर चालले. सुगीला वसूल होणारी उधारी, लग्नसराईतला बस्ता आणि शाळा उघडताना होणारी गणवेशाची विक्री या तीन खांबांवर संसार उभा होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा दुकानात लग्नसराईचा माल भरलेला होता. सुरतेच्या साड्या आणि इचलकरंजीचे कापड उधारीवर आणलेले होते. लग्ने लांबली, जी झाली ती पाच-पन्नास माणसांत उरकली. बस्ता बांधायला कोणी आले नाही. शाळा बंद राहिल्या, तेव्हा गणवेशही गेला. पुढच्या वर्षी तेच झाले. माल जुना झाला, देणे मात्र दर महिन्याला नवे होत गेले. ज्या घराने कधी कोणाला ‘उद्या या’ म्हटले नव्हते, त्या घरात फोन वाजला की माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पेठेतच एका घाऊक व्यापाऱ्याचे बरेच देणे थकले होते. अण्णांनी त्यांच्या दारावरून जाणे सोडले आणि मंदिरात जायला मागच्या बोळाची वाट धरली.

जानेवारी २०२२ मधील एका पहाटे अण्णांच्या उजव्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. तोंड किंचित वाकडे झाले, शब्द अडखळू लागले. रात्रीची अपुरी झोप आणि पित्त असेल असे समजून घरच्यांनी त्यांना निजवले. दोन-अडीच तास असेच गेले. मग गाडी करून साताऱ्याला नेले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही तपासण्या झाल्यावर. त्यांतले बरेच तास घरातच संपले होते. चेहरा वाकडा होणे, एक हात खाली पडणे, बोबडे बोलणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घड्याळ पाहावे आणि ताबडतोब निघावे, ही गोष्ट त्या घराने फार मोठी किंमत देऊन शिकली.

प्राण वाचले. पण मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेक माणसांत वाचेचे केंद्रही डावीकडेच असते. अण्णांचा उजवा हात मूठ वळून पडला, उजवा पाय जड झाला आणि शब्द हरवले. समोरचा काय म्हणतो ते सारे कळे. उत्तरही मनात तयार असे. ओठांवर मात्र एखादा भलताच शब्द येई किंवा काहीच येत नसे. समाचाराला येणारी माणसे त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलत, जणू ते तिथे नाहीतच. काही आठवड्यांनी अण्णांनी बैठकीच्या खोलीत येणे बंद केले. मुलगा दुकान कसेबसे उघडत असे. पण जागा विकून देणी भागवावी आणि पुण्याला जाऊन नोकरी धरावी, असे त्याच्या मनाने जवळजवळ ठरवले होते.

जूनमध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी पेठेत एका वाहनाचा धक्का लागून एक कुत्री जखमी झाली आणि सरपटत दुकानामागच्या परसात शिरली. रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला ती चार दिवस पडून होती. पाणी ठेवायला गेलेल्या नोकराची तिने विजार फाडली. सुदैवाने दात कातडीला लागले नाहीत. लागले असते तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा लागला असता. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्या रोगातून माणूस वाचत नाही असेच समजावे, आणि वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला थोपवते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून माणूस बोलावून तिच्या तोंडाला फडके बांधून पाय बघितला गेला, रेबीजची लस टोचली गेली. पाय तुटला नव्हता, पण पूर्ण बरा होणार नव्हता.

अण्णांच्या पत्नीला सारे काकी म्हणतात. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. “जीवदया परसात करावी. उंबऱ्याच्या आत कुत्रं मला चालायचं नाही. घरात नातवंड आहे, स्वयंपाकघर आहे.” शेजाऱ्यांची तक्रार वेगळीच होती. चावरे जनावर पेठेत नको, असे ते म्हणत. सुनेला लहानग्याची धास्ती होती. यांपैकी कोणाचेच बोलणे चुकीचे नव्हते. अण्णा मात्र रोज दुपारी काठी टेकत मागच्या दारापर्यंत जात आणि पायरीवर बसून तिच्याकडे पाहत राहत. तीही त्यांच्याकडे पाही. दोघांनाही बोलायचे नव्हते.

शाळा उघडण्याच्या सुमारास नातीच्या गणवेशाचे कापड घ्यायला माण तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार दुकानात आले. सातारा जिल्ह्यात फौजी घरे गावोगाव आहेत. पण या गृहस्थांची नोकरी श्वान पथकात झाली होती. सैन्याचे कुत्रे मेरठ येथील रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. तेथे ते शिकले होते. जुने गिऱ्हाईक म्हणून अण्णांना भेटायला ते मागे गेले, परसातला प्रकार पाहिला आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

“अण्णा, कुत्र्याला शिकवायच्या आधी आपण थांबायला शिकायचं असतं,” ते म्हणाले. “आमच्या उस्तादांनी पहिल्यांदा आमच्याकडनं तेवढंच करून घेतलं. तिला बोलवायचं न्हाई, डोळ्यात बघायचं न्हाई. ती जिथं बसून न भिता खाती, तिथनं आपली सुरुवात.”

सुभेदारांनी जे सांगितले ते फार थोडे होते. पायरी इतकी लहान करावी की दहांपैकी आठ वेळा ती साधावीच. दोनदा चुकली तर कुत्र्याला दोष न देता आपण एक पायरी मागे यावे. एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नये आणि जमत असतानाच थांबावे. तिने हवे ते केले की त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करावा आणि लगेच घास द्यावा. तो आवाज कोणताही चालेल, मात्र तो रोज तोच असावा. एरवी हे काम शब्दाने होते. अण्णांकडे शब्द नव्हता. सुभेदारांनी इकडे तिकडे पाहिले आणि अण्णांच्या खिशातले कळीचे बॉलपेन काढून त्यांच्या डाव्या हातात दिले. अंगठ्याने कळ दाबली की टक् असा आवाज येई. ज्या पेनाने अण्णांना आता सही करता येत नव्हती, ते पेन असे पुन्हा कामाला लागले.

“पण एक ध्यानात ठेवा,” सुभेदार निघताना म्हणाले, “कळ वाजली की घास द्यायचाच. चुकून वाजली तरी द्यायचा. एकदा फसवलं की ती पुन्हा इश्वास ठेवायची न्हाई.” हे मात्र अण्णांना समजावून सांगावे लागले नाही. लिहून दिलेली हुंडी वटलीच पाहिजे, हे त्यांच्या घरात तीन पिढ्या शिकवले गेले होते.

या रीतीमागे शंभराहून अधिक वर्षांचा अभ्यास आहे. रशियाचे इव्हान पाव्हलॉव्ह पचनक्रियेचा अभ्यास करीत होते आणि त्याबद्दलच त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ध्यानात आले की अन्नाशी जोडला गेलेला एखादा संकेत नुसता मिळाला तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पुढे अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी दाखवले की अवघड वर्तन एकदम घडत नाही; त्याचे बारीक बारीक तुकडे पाडावे लागतात आणि हव्या त्या दिशेने पडलेल्या प्रत्येक छोट्या हालचालीला तत्काळ बक्षीस द्यावे लागते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी केलर व मॅरियन ब्रेलँड या दांपत्याने हे तत्त्व प्रयोगशाळेबाहेर आणून निरनिराळे प्राणी शिकवले. त्यापूर्वीची कुत्रा शिकवण्याची सर्वसामान्य रीत गळपट्ट्याला हिसका देण्याची आणि छडीची होती. तिनेही कुत्रे शिकत असत. पण भीतीने शिकलेला कुत्रा माणसाकडे पाहून वागतो आणि माणूस दूर झाला की शिकलेले विसरतो. आणि जो आधीच भ्यालेला आहे त्याला भीती घालून काय शिकवणार?

अण्णांनी कापड मोजण्याचा लोखंडी मीटर परसात आणवला. पहिल्या दिवशी सात मीटरवरून टाकलेला तुकडा तिने अण्णा उठून गेल्यावरच खाल्ला. तिसऱ्या दिवशी ते बसलेले असताना खाल्ला. तेव्हा पहिली कळ वाजली. मग रोज वीतभर अंतर कमी होत गेले. काही दिवशी तेही होत नसे. त्या दिवशी वहीत ‘शिल्लक मागील’ असे लिहून पान बंद होई. मोडक्या, लहान मुलासारख्या डाव्या हाताच्या अक्षरात अण्णांनी पक्षाघातानंतर लिहिलेला पहिला मजकूर हाच होता.

घास काय द्यायचा, हा प्रश्न काकींनी सोडवला. ताकात भिजवलेली भाकरी, शिजवलेली मूगडाळ आणि बक्षिसासाठी हरभऱ्याएवढे पनीरचे तुकडे. पशुवैद्यकाने सांगितले होते की कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक असतात. “म्हणजे निम्मं पथ्य आपल्या घरात आधीच पाळलं जातं,” असे काकी म्हणाल्या आणि घरात बऱ्याच महिन्यांनी कोणीतरी हसले. संध्याकाळचे खाणेही घरासोबत सूर्यास्तापूर्वीच होऊ लागले. काकींनी कुत्रीला नाव ठेवले नव्हते; ‘ती तांबडी’ असे म्हणता म्हणता तांबडी हेच नाव झाले.

एकेचाळिसाव्या दिवशी तिने अण्णांच्या डाव्या तळहातावरचा तुकडा उचलला.

त्याच सुमारास आठवड्यातून दोनदा व्यायाम करवून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येत असे. परातीत मटकी आणि चवळी मिसळायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वेगळी करायची, असा तिचा पाठ होता. अण्णा दोन दाणे उचलत आणि परात दूर सारत. उजवा हात पूर्वी काय काय करीत असे ते त्यांना आठवे. थान झटक्यात उलगडणे, कात्रीने सरळ रेषेत कापड फाडणे. त्या आठवणीपुढे दोन दाणे म्हणजे अपमान वाटे. एके दिवशी ती मुलगी मागच्या दाराशी तांबडीचा पाठ पाहत उभी राहिली. पाठ संपल्यावर ती म्हणाली, “काका, तिच्याकडून तुम्ही एका दिवसात वीतभरापेक्षा जास्त मागत नाही. मग स्वतःच्या हाताकडून एवढं का मागता?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वहीत दोन रकाने झाले. एक तांबडीचा, एक उजव्या हाताचा. ‘जमा: चार दाणे.’ ‘जमा: सहा दाणे.’ जमत असतानाच थांबायचे, हा नियम तिथेही लागू झाला.

पक्षाघाताच्या रोग्याला मूठ मिटण्यापेक्षा उघडणे अनेकदा अधिक कठीण जाते. त्या मुलीच्याच सूचनेवरून पनीरचा तुकडा आता उजव्या मुठीत ठेवला जाऊ लागला. तांबडी नाक लावी, मूठ उघडत नसे. ती पंजा मारी, तरी उघडत नसे. शेवटी ती मागे सरून बसे आणि पाहत राही. मग अण्णा सारे बळ एकवटून एकेक बोट सरळ करीत. कधी अर्धे मिनिट लागे, कधी त्याहून जास्त. अशा रीतीने तांबडी ‘थांब’ ही आज्ञा शिकली. ती कोणी मुद्दाम शिकवली नव्हती. मूठ हळू उघडत होती म्हणून ती थांबायला शिकली आणि ती थांबत होती म्हणून मूठ उघडायला शिकली.

माणसाने आपत्तीतून उठताना कुत्र्याचा आधार घ्यावा, ही कल्पना जगात नवी नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. १९८१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका महिला तुरुंगात असा उपक्रम सुरू झाला की बंदिवान स्त्रियांनी बेवारस कुत्रे शिकवून अपंगांच्या मदतीसाठी तयार करावेत. जगाने टाकून दिलेल्या दोन जिवांनी एकमेकांना उपयोगी करावे, असा तो विचार होता. आपल्याकडेही मुंबई पोलिसांचा झंजीर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांचे मोठे साठे शोधून देऊन असंख्य प्राण वाचवणारा ठरला. परंतु झंजीर काय किंवा मेरठला गेलेली मुधोळची पिल्ले काय, ती निवडून घेतलेली, जातिवंत जनावरे होती. वडूजच्या परसातली तांबडी कोणी निवडली नव्हती. तिच्याकडून कोणाला काही शोधून हवे नव्हते. तिने फक्त माणसाला भिऊ नये, एवढेच मागणे होते.

२४ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीचे लक्ष्मीपूजन होते. पेठेत संध्याकाळी फटाक्यांची मोठी माळ लागली. तांबडी दोरी तोडून पळाली. तिच्यामागे जाण्याच्या घाईत अण्णा पायरीवरून कोसळले. कोपर फुटले, हाड मोडले नाही. परंतु पायरीची भीती बसली. तिसऱ्या दिवशी येरळेच्या पुलाखाली ती सापडली. आणून परसात सोडली तर अण्णांना पाहूनही ती गुरगुरली. मीटर टाकून मोजले. पाच मीटर. साडेचार महिन्यांची कमाई एका माळेत उडाली होती. इकडे अण्णा पुन्हा खाटेवर बसून राहू लागले. पाडव्याला वहीपूजन झाले, त्या वेळी ही वही त्यांनी पूजेत ठेवू दिली नाही.

मुलगा म्हणाला, “पप्पा, पुष्कळ झालं. तिला शेतावर सोडून येतो.” सोडून येणे याचा अर्थ सर्वांना माहीत होता. अनोळखी टापूत, पाय ओढणारी कुत्री इतर कुत्र्यांपुढे टिकली नसती. प्राण्यांच्या संततिनियमनाचे नियमही हेच सांगतात की भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया व लसीकरण करून त्यांना ज्या भागातून उचलले तेथेच परत सोडावे. दुकानातल्या नोकराने दुसरा उपाय सुचवला. “साखळीनं बांधा आणि दोन दिवस उपाशी ठेवा. तिसऱ्या दिवशी हात चाटत येती का न्हाई बघा.” त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याने आजवर हेच पाहिले होते.

काकी दळण निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. आतापर्यंत कुत्रीच्या बाजूने त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “बांधायचं आणि उपाशी ठेवायचं. नाही ऐकलं तर उद्या मारायचं. पाचातले तीन झाले की रे.”

नोकराला अर्थ कळला नाही, मुलाला कळला. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपेक्षा जास्त भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे हे ते पाच. लहानपणी पाठशाळेत ते पाठ करताना प्रत्येकाला वाटते की हे बैलगाडीच्या काळचे नियम असावेत. कुत्रा शिकवण्याची जुनी रीत मात्र जवळजवळ त्या यादीवरूनच बेतलेली वाटते. काकींनी मग चौथ्या अतिचाराचा बोट आपल्या पतीकडे वळवला. “आणि अहो, तुम्ही स्वतःवर अतिभार लादताय. ती पाच मीटरवर गेली ना? मग पाच मीटरवरून. पहिल्या दिवशी सात होती.”

ते खरे होते. वहीत लिहिलेले होते. अण्णांनी जुने पान काढून पाहिले. पहिला प्रवास सातपासून सुरू झाला होता, हा पाचपासून. सर्व काही बुडाले नव्हते. दोन मीटर शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी ते मागच्या दारात बसले, पण पायरीवर नाही, आत उंबऱ्याशी. तांबडीसाठी अंतर कमी करायचे होते, त्यांच्यासाठी पायरी. ज्या कामाला पहिल्यांदा एकेचाळीस दिवस लागले, त्याला या वेळी अकरा लागले.

थंडी संपता संपता ती दोरीने न ओढता बरोबर चालू लागली. दोघांच्याही चालीत एक पाय मागे राही, त्यामुळे वेग आपोआप जुळला. आधी परसातून बोळापर्यंत, मग पेठेच्या तोंडापर्यंत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकापर्यंत चालत जायचे, असे अण्णांनी वहीत लिहून ठेवले होते. त्या वाटेवर एक अडचण होती. ती पेठेतून जात होती आणि पेठेत त्या घाऊक व्यापाऱ्याचे दुकान होते.

कित्येक दिवस ते त्या दुकानाच्या चार घरे अलीकडून परत फिरत. मग तीन घरे अलीकडून. वहीत त्या दिवशी ‘जमा: एक घर’ एवढीच नोंद असे आणि घरातल्या कोणाला तिचा अर्थ कळत नसे. फेब्रुवारी २०२३ मधल्या एका सकाळी ते त्या दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. व्यापारी गडबडीने उठून बाहेर आले. अण्णांचे ओठ हलत राहिले, शब्द येईना. तांबडी शेजारी बसली आणि पाहत राहिली, जशी उजव्या मुठीपुढे बसून राही तशी. व्यापारीही थांबले. बऱ्याच वेळाने अण्णांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला.

“देतो.”

त्या शब्दावर पुढचे सारे उभे राहिले. दुकान विकून एकदम सर्व देणे भागवण्याची घाई व्यापाऱ्यालाही नव्हती. त्यांना अण्णांचे न येणे अधिक लागले होते. आठवड्याला सातशे रुपये ठरले. मुलाने मग इतर देणेकऱ्यांची यादी काढली, ज्यांचे व्याज सर्वांत जड त्यांना पुढे घेतले, बाकीच्यांकडे स्वतः जाऊन लहान पण न चुकणारा हप्ता बांधून घेतला. जुना माल निम्म्या किमतीत काढून टाकला आणि दुकान गणवेश व रोजच्या कापडापुरते आटोपशीर केले. मोठ्या रकमेचे वचन देऊन ते मोडण्यापेक्षा लहान रक्कम ठरल्या दिवशी पोहोचवली की पत परत येते. व्यापारी घरांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र संकट आले की हेच प्रथम विसरले जाते. सारे देणे एकदम फिटत नाही म्हणून माणूस पहिला हप्ताही देत नाही आणि बोळाची वाट धरतो.

तांबडी आजही फटाक्यांना भिते. दिवाळीत तिला गोदामाच्या आतल्या खोलीत, कपड्यांच्या गाठींमध्ये ठेवतात, कारण तिथे आवाज कमी पोहोचतो. ती स्वयंपाकघरात जात नाही, काकींचा तो नियम कायम आहे. पण परसातून ओट्यावर आणि ओट्यावरून बैठकीच्या दारापर्यंत ती कधी आली, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. अण्णांचा उजवा हात अजून सही करू शकत नाही. ते लहान वाक्ये बोलतात, लांब बोलायचे झाले की थकतात. देणे निम्म्याच्या वर फिटले आहे, सगळे फिटलेले नाही.

चातुर्मासात मंदिरात जीवंधरकुमाराची कथा वाचली गेली. मरणासन्न कुत्र्याच्या कानात जीवंधराने णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव पुढच्या भवात यक्ष होऊन त्याच्या संकटात धावून आला, अशी ती कथा आहे. घरी परतताना सुनेने सहज विचारले, “आई, त्या कुत्र्याला मंत्राचा अर्थ काय कळला असेल?” काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अर्थ नसेल कळला. पण कोणीतरी आपल्यापाशी बसलंय, एवढं कळलं असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीप्रमाणे वही उघडली गेली. अण्णांनी पेन डाव्या हातातून उजव्या हातात घेतले. अंगठा कळीवर ठेवला. दोनदा घसरला. तांबडी मान तिरकी करून पाहत होती. तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला, अगदी हलका. काकींनी दारातूनच पनीरचा तुकडा पुढे केला. तांबडीने तो हळूच उचलला.

अण्णांनी पेन पुन्हा डाव्या हातात घेतले आणि उजव्या हाताच्या रकान्यात लिहिले, ‘जमा: एक कळ.’